‘पिणारा कुठूनही आणतो’ : अर्धं खरं, अर्धं आळशी

मोहल्ल्याच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरतोय. "दारूवर नियम लावून मारामाऱ्या थांबत नसतात. पिणारा कुठूनही आणतो. वर्धा बघा! आणि हाणामारी पोलिसांचा विषय, डॉक्टरांचं त्यात काय काम?" खाली पंचवीस अंगठे.

वर्ध्याचं आधी. तिथे दारूबंदी आहे. अशा बंदीच्या जिल्ह्यात चोरून दारू जाते, हे नागपूरकरांना कोणी सांगायला नको. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली, २०२१ मध्ये उठली, तेव्हाही अवैध दारूचंच कारण पुढे आलं. मान्य. पण बंदी हे टोक झालं. दुकान किती वाजता बंद व्हावं, एका वस्तीत किती असावीत, या गोष्टी वर्ध्यात पारखल्याच गेल्या नाहीत, कारण तिथे दुकानच नाही. दर भरमसाट वाढवले तर माणूस हातभट्टीकडे वळतो, एवढं मात्र मेसेजवाल्याचं मी मान्य करतो.

‘पिणारा कुठूनही आणतो.’ ठरवून पिणारा आणतो. पण रात्रीची बाचाबाची मला तरी ‘अजून एक पव्वा’ म्हणत बसून राहिलेल्यांचीच दिसते. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलमध्ये २००८ साली पहाटे पाचपर्यंत चालणारे पब साडेतीनला बंद करायला लावले. रात्रीच्या मारहाणी सुमारे एक तृतीयांशाने घटल्या. बाजूच्या हॅमिल्टनमध्ये तसा नियम लागला नव्हता. भांडणं तिकडे सरकली असती तर तिथला आकडा वाढला असता. तसं झालं नाही. अर्थात घरी येऊन बायकोवर हात उगारणाऱ्याला नुसती दुकानाची वेळ आवरत नाही, त्याला वेगळे उपाय लागतात.

आता डॉक्टरांचं. वेल्समधल्या कार्डिफ शहरात जोनाथन शेफर्ड नावाच्या जबड्याच्या सर्जनला दिसलं, की चेहरे फाटून येणाऱ्या पुष्कळ जणांची पोलिसांत नोंदच नाही. मग दवाखान्यात प्रत्येकाला विचारायला सुरुवात झाली: कुठे झालं, केव्हा झालं, कशाने मारलं? नावं गाळून ही यादी पोलीस आणि पालिकेकडे जाई. कोणत्या बारबाहेर कोणत्या रात्री गस्त हवी, हे त्यावरून ठरे. २०११ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात, तशाच इतर शहरांशी तुलना करता, कार्डिफमध्ये मारहाणीने भरती होणारे ४२ टक्क्यांनी कमी निघाले.

"आपल्याकडे एमएलसी, म्हणजे मारहाणीच्या केसची दवाखान्यातली पोलिसांसाठीची नोंद, होते की," असं कोणी म्हणेल. होते, पण ती एकेका केसपुरती. दहा केसेस एकाच कोपऱ्यावरच्या आहेत हे दिसायला त्या शेजारी-शेजारी मांडाव्या लागतात.

मागे एका दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत रात्री बसलो होतो. बाकावर एक जण भुवईवर दुपट्टा दाबून. आतून विचारणा झाली, "काय झालं?" "पडलो साहेब." टाके पडले, तो सुटला. त्याआधी पाऊण तास मात्र तो आम्हा बाकावरच्यांना सांगत होता: कोणत्या भट्टीसमोर, चखण्याच्या पैशावरून, किती वाजता आणि कोणाच्या हातात फुटकी बाटली होती ते.