बेस व्हिलेज : फ्रेश होणे (१५ मि.)

सकाळी मुलुंडहून सव्वाआठची स्लो पकडली आणि घाटकोपर यायच्या आत डोकं फिरलं. दोष गर्दीचा नाही. चिरंजीवांनी ट्रेकची पीडीएफ पाठवली होती, "बाबा, पैसे भरून टाका ना" म्हणून.

शुक्रवारी रात्री दादरहून बस. शनिवारी पहाटे साडेपाचला रतनवाडी. आणि पुढे, जसंच्या तसं लिहितोय : 'बेस व्हिलेज – फ्रेश होणे, नाश्ता – १५ मि.' मग रतनगड, मग साम्रद, रात्री काजवे, रविवारी सांदण दरी आणि येताना भंडारदरा धरण, 'फोटो स्टॉप – ३० मि.'

अरे, रतनवाडी म्हणजे काय एक्स्प्रेसवेवरचा फूड मॉल आहे?

त्या गावात अमृतेश्वराचं देऊळ आहे. काळ्या दगडाचं, अंगभर कोरलेलं, हजारेक वर्षांचं. जवळच पुष्करणी, तिच्या भिंतीतल्या कोनाड्यांत देव. १९२६ साली पूर्ण झालेल्या धरणाला अर्धा तास, आणि देवळाचं पीडीएफमध्ये नावसुद्धा नाही. नेढ्याचं (गडमाथ्यावरच्या कड्यातलं आरपार भोक) मात्र तीनदा आहे. नेढ्यात बसून डीपी चांगला येतो ना!

मी पहिल्यांदा गेलो २००१ साली, एका मित्राबरोबर. कसाऱ्यापर्यंत लोकल, घोटीपर्यंत जीप, शेंडीपर्यंत एसटी, आणि तिथून धरणाच्या पाण्यातून लाँचने रतनवाडी. पोहोचेपर्यंत ऊन कललेलं. देवळाच्या आवारात एक आजोबा झाडू मारत होते. आम्ही गडाची वाट विचारली, तर म्हणाले, "गड कुठं पळतोय? बसा."

मग हात धरून एका सुट्या दगडापाशी नेलं. त्यावर एक मूर्ती, झिजलेली, नाक नाही. त्या जागेवर त्यांनी अंगठा ठेवला. त्यांच्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं होतं, ते अजून डोळ्यांसमोर आहे. म्हणाले, "हे नाक म्या फोडलंय. आठ वर्साचा व्हतो. गोफण नवी व्हती." बापाने झोडपलं, आणि दुसऱ्या दिवशी हातात झाडू दिला. तो झाडू तेव्हापासून सुटला नाही.

सांगा, पंधरा मिनिटांत हे कुठे बसवणार? नाश्त्याच्या आधी की नंतर?

बरं, मान्य. ट्रेकवाल्यांमुळे गावात चार पैसे आले, घराघरांत जेवणाची सोय झाली, पोरं गाईड झाली. आणि पहाटे साडेपाचला चाळीस पेंगुळलेल्या लोकांना देऊळ काय दाखवणार, हेही खरं. मग साडेसहाला दाखवा की! सूर्य तिथेही उगवतो.

पण नाही. आपल्याला गाव म्हणजे पार्किंग आणि संडास. बारीत उतरायचं, १६४६ मीटरचं कळसूबाई 'मारायचं', परत बसमध्ये. खिरेश्वरला उतरायचं, नागेश्वराच्या देवळाकडे ढुंकूनही न बघता हरिश्चंद्रगडासाठी टोलारखिंड. गडावर माणसं राहिली, लढली, ती धान्य कुठून आणत होती, पाणके कुठले होते? याच घरांतून ना? की सगळं हेलिकॉप्टरने येत होतं?

जाऊ दे. कांजूरला चढलेला माणूस माझ्या स्क्रीनकडे बघतोय.

त्या रात्री आम्ही आजोबांच्या पडवीत झोपलो. नागलीची भाकरी (आपली नाचणी), मिरचीचा ठेचा, आणि समोरच्या झाडावर काजवे, तेही तिकीट न काढता. आजोबा म्हणाले, प्रवरा आमच्या गडावर जन्मते आणि गोदावरीला जाऊन मिळते, उद्या तुम्ही तिला ओलांडत ओलांडतच चढाल. तसंच झालं. प्रत्येक वेळी पाय ओले झाले की मित्र म्हणायचा, "आली बघ आजोबांची नदी." मग कारवीचं रान, शिड्या, गणेश दरवाजा, नेढं. नेढं भारी आहे, नाही कशाला म्हणू? वारा असा येतो की शर्टाचा फुगा होतो. पण मला त्या ट्रेकमधलं सगळ्यात स्पष्ट आठवतं ते काळं नख आणि नसलेलं नाक.

निघताना आजोबांनी एकच मागितलं. "फुडल्या टायमाला मुंबईचं मोठं कॅलेंडर आणा. वाण्याच्या कॅलेंडरात तिथी बारीक, दिसत न्हाई." मी म्हटलं, नक्की.

मी रतनगडावर त्यानंतर दोनदा गेलो. एकदा साम्रदकडून चढलो आणि तिकडेच उतरलो, म्हणजे रतनवाडी लागलीच नाही. दुसऱ्यांदा ऑफिसच्या ग्रुपबरोबर, रतनवाडीतूनच. बसमधून उतरलो, तोंड धुतलं, पोहे खाल्ले, चढायला लागलो. घड्याळ लावलं नव्हतं, पण पंधरा मिनिटांच्या वर नसेल. कॅलेंडर? आठवलं शिडीवर.

असो. पैसे भरलेत. संध्याकाळी पोराला समोर बसवून नाक नसलेला दगड कुठे आहे ते कागदावर काढून दिलं. "लीडर थांबेल का?" म्हणाला. म्हटलं, तू थांब, लीडर येईल शोधत. आजोबा तेव्हाच सत्तरीचे होते. पण घरात कुणीतरी असेलच, झाडू कुणाच्या तरी हातात असेलच.

आत्ता स्वयंपाकघरातलं कॅलेंडर खिळ्यावरून काढून गुंडाळी करून त्याच्या सॅकमध्ये घालत होतो. मे संपत आला, दुकानात आता कुठलं मिळायला! तर बायको आतून ओरडतेय, "अहो, दुधाचा हिशोब आहे त्याच्यावर!"