सणाची जादा गाडी

आमच्या लंडन सहलीच्या वेळापत्रकात २५ डिसेंबरच्या रकान्यात मी ‘पॅडिंग्टन ते बाथ, सकाळी ७.३०’ असं ठळक टाईप करून तो कागद डोंबिवलीहून लॅमिनेट करून नेला होता. लॅमिनेशन ही चूक झाली. साधा कागद रागाच्या भरात निदान फाडता तरी येतो.

तिकीट काढताना साईटवर त्या तारखेला एकही गाडी दिसेना. मुलगी म्हणाली, “बाबा, गाड्याच नसतील.” मी हसलो. ऐन सणाला गाड्या नाहीत? आपल्याकडं गणपतीला कोकणात आणि आषाढीला पंढरपूरला जादा गाड्या सोडतात. सगळं फुल्ल दाखवत असणार, आयत्या वेळी टीसीला गाठू, असं माझं धोरण.

लंडनमध्ये डिसेंबरात सूर्य आठनंतर कामावर येतो. आम्ही अंधारात निघालो. आई माकडटोपी, शाल आणि स्पोर्ट्स शूज अशा वेशात. रस्त्यावर चिटपाखरू नाही. “बघ, लवकर निघाल्याचा फायदा,” मी म्हणालो.

पॅडिंग्टन बंद होतं. म्हणजे अख्खं स्टेशनच. मी दार हलवून पाहिलं, शेजारचं हलवून पाहिलं. कुत्रा फिरवणाऱ्या एका गृहस्थानं आधी मेरी ख्रिसमस केलं आणि मग समजावलं, की आज रेल्वे नाही, मेट्रो नाही, बससुद्धा नाही. आणि बाथची गाडी उद्याही नाही. परवा आमचं परतीचं विमान.

“अरे, सणाला गाड्या वाढवतात का बंद करतात?” आईनं विचारलं. बायको फक्त म्हणाली, “अहो, तो कागद बघा ना, पुढं काय लिहिलंय.”

पुढं ‘बाथमध्ये नाश्ता’ लिहिलं होतं. इथं २८० चौरस मीटरपेक्षा मोठं दुकान ख्रिसमसला उघडायला २००४ पासून कायद्यानंच बंदी आहे, आणि लहान दुकानदारही त्या गल्लीत तरी झोपलेले. शेवटी आईच्या पिशवीतल्या जयसिंगपूरच्या भडंगावर भिस्त ठेवून आम्ही हाईड पार्कात शिरलो. बागेला कुलूप नव्हतं, एवढाच तिचा गुण.

तर तिथं सर्पेंटाईन तळ्याकाठी ही गर्दी! १८६४ पासून ख्रिसमसच्या सकाळी इथं शंभर यार्ड पोहण्याची शर्यत होते, हे शेजारच्या बाईंनी सांगितलं. नऊच्या सुमारास पोहण्याची टोपी आणि चड्डी एवढ्या ऐवजावर माणसं धक्क्यावर उभी राहिली. त्यात आमच्या आप्पांच्या वयाचे आजोबाही. मला दोन स्वेटरांतून कापरं भरलं होतं. बाथला रोमनांची ४६ अंश गरम पाण्याची कुंडं बघायची होती, आणि पुढ्यात हे.

धपाधप उड्या पडल्या. आईनं पदर तोंडाला लावला. “अगं बाई! पहिली अंघोळ दिसतीय यांची.”

आजोबा बाहेर आले ते लालबुंद होऊन, दात वाजवत. आईनं पुढं होऊन त्यांच्या हातावर मूठभर भडंग ठेवलं. त्यांनी विश्वासानं तोंडात टाकलं आणि लसणीच्या तिखटाचा ठसका लागून डोळ्यांतून पाणी काढलं, पण हात पुन्हा पुढं केला. आई खूश.

“विचार त्यांना,” ती मला कोपरानं ढोसत म्हणाली, “उटणं लावलं होतं का.”