काकडीची भुरी द्राक्षावर चढत नाही

थंडी पडली की द्राक्ष बागायतदारांत भुरीबद्दल, म्हणजे पानांवर पांढरी पूड आणणाऱ्या बुरशीच्या रोगाबद्दल, एक मेसेज फिरतो: "भुरी सगळ्या पिकांवर एकच. बांधावर काकडी-भोपळा असला की बागेत भुरी आलीच. वेल उपटा आणि गेल्या वर्षी चाललेलं औषधच मारा."

एकच? द्राक्षावर येते ती एरिसिफे नेकेटर ही बुरशी, आणि ती द्राक्षकुळाबाहेर जगत नाही. काकडी-भोपळ्यावर बहुतेक वेळा पोडोस्फेरा झँथी असते, गुलाबावर पोडोस्फेरा पॅनोसा. (म्हणून भुरीचा इशारा मिळावा म्हणून ओळीच्या टोकाला गुलाब लावला तर त्यावरून फार तर हवेचा अंदाज येईल.) पांढरी पूड सारखी दिसते, एवढंच.

काकडीवरचा बीजाणू वाऱ्याने द्राक्षाच्या पानावर पडतोही. रुजतो, कोंब काढतो, पेशीत घुसायला बघतो. पण पेशी त्या जागी आतून भिंत जाड करते, नाहीतर स्वतःच मरते. भुरीला जिवंत पेशीच लागते, त्यामुळे ती उपाशी मरते. दोन्हीकडे भुरी एकदम दिसते ती हवेमुळे: दिवस उबदार, रात्र गार, पाऊस नाही. या बीजाणूंना रुजायला पानावर पाण्याचा थर लागत नाही.

पिकापिकांतल्या भुरीची ही कुंपणं कायमची नाहीत, हे मान्य. गहू आणि राय (गव्हासारखंच एक धान्य) यांच्या संकरातून माणसाने ट्रिटिकेल घडवलं. त्यावरची भुरी गव्हावरच्या आणि रायवरच्या भुरीच्या संकरातून आली, हे 2016 साली जनुकीय अभ्यासातून दिसलं. पण गहू आणि राय जवळचे नातेवाईक. काकडी आणि द्राक्षाचं तसं काही नातं नाही.

खरं नुकसान करतो तो औषधाचा सल्ला. द्राक्षावरची भुरी एक असली तरी तिच्यातले सगळे जीव सारखे नसतात. एका प्रथिनातला एकच अमिनो आम्ल बदलला की स्ट्रॉबिल्युरिन गटाची औषधं तिच्यावर चालत नाहीत. अनुकूल हवेत पाच-सात दिवसांत नवी पिढी येते. तेच औषध पुन्हापुन्हा मारलं की वाचलेल्यांचीच बाग होते. गंधक बुरशीवर एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतं, म्हणून ते इतकी वर्षं टिकलं. बाकी औषधांत गट बदला, म्हणजे वेगळ्या पद्धतीने मारणारं औषध घ्या. नुसतं दुकानातलं नाव बदलून भागत नाही, घटक तोच असू शकतो.

काकडी काढायचीच असेल तर लाल कोळी या बारीक किडीसाठी काढा. ही कीड दोन्ही पिकांवर पोसते.