जागा आहे, पण जागा नाही

टॅब दाबला की बॅश (ज्यात आम्ही कमांड टाइप करतो तो प्रोग्रॅम) फाइलचं उरलेलं नाव स्वतः पुरं करतं, या एका सोयीवर आमच्यासारख्यांचा संसार चालतो. परवा सर्व्हरवर टॅब दाबला तर बॅश म्हणालं, 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. त्या एवढ्याशा कामालाही टेंप या तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमध्ये चिमूटभर फाइल लिहावी लागते म्हणे. म्हणजे दुखणं शोधायचं, तेही लांबलचक नावं हाताने टाइप करत.

डिस्कवरची मोकळी जागा दाखवणारं 'डीएफ' चालवलं. डिस्क निम्मी मोकळी! पाठीमागे साहेब उभे. "जागा तर दिसतेय की."

'डीएफ'ला उणे आय जोडलं तेव्हा चोर सापडला: आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलमागे लागणाऱ्या नोंदी, शंभर टक्के संपलेले. ईएक्सटी४ या लिनक्सच्या पद्धतीने डिस्क फॉरमॅट करतानाच आयनोड किती ते ठरतं, साधारण १६ केबीमागे एक. फाइल रिकामी असली तरी एक आयनोड खातेच. लग्नाचा हॉल अर्धा रिकामा, पण कूपनं संपली म्हणून दारातला माणूस आत सोडत नाही, तशातली गत. कूपनं खाल्ली होती पीएचपीच्या सेशन फाइलींनी, म्हणजे वेबसाइटवर येणाऱ्यांची तात्पुरती आठवण ठेवणाऱ्या फाइलींनी. कित्येकींच्या आत एक अक्षरही नाही!

"मग उडव ना सगळं, टेम्पररीच आहे," साहेब. त्या 'सगळ्यात' डेटाबेसचं सॉकेटही (त्याच्याशी बोलायचं दार) नांदत होतं, हे त्यांना कोण सांगणार? तेवढ्यात एका उत्साही सहकाऱ्याने ७७७ परवानगीचा, म्हणजे सगळ्यांना सगळं करू देण्याचा, रामबाण सुचवला. टेंपला १७७७ लागतं. पुढचा एक गेला की कुणीही कुणाची फाइल पुसावी! त्याला चहा आणायला पाठवलं.

फाइली पुसणाऱ्या 'आरएम'ला सेशनच्या नावापुढे तारा (*, म्हणजे या नावाच्या सगळ्या) देऊन पाहिला, तर यादी फार लांब म्हणून तेही अडून बसलं. शेवटी 'फाइंड'ला जुन्या सेशन फाइली निवडून पुसायला बसवलं. टॅब हळूहळू शुद्धीवर आला.

पण एवढा ढीग साचलाच कसा? बऱ्याच लिनक्सवर सिस्टमडी ही पडद्यामागची कामं सांभाळणारी यंत्रणा टेंपमधलं १० दिवसांहून जुनं सामान आपणहून झाडते. इथे ती झाडलोट कुणीतरी बंद केली होती. का, ते एका कोपऱ्यात दिसलं: मार्च २०२१ च्या पगारपत्रकाचा बॅकअप. अकाउंट्समध्ये फोन लावला.

"अहो, त्याला हात लावू नका हं. आम्ही मुद्दाम तिथे ठेवलाय, सगळ्यांना सापडतो."