थोडं अस्सल करून द्या ना, ताई!

तुमचा स्वतःचा छोटासा कलेचा व्यवसाय आहे? अक्षरं काढता, पाट्या रंगवता, पिशव्या शिवता, कंदील बांधता? आणि दर तीन महिन्यांनी बदलणाऱ्या ट्रेंडमध्ये आपण अस्सल कसं राहायचं, या काळजीने झोप लागत नाही? झोपा निवांत. अस्सल राहणं आता फार सोपं झालंय. पूर्वी त्यासाठी काम यावं लागायचं.

मी लालबागला अक्षरांचं काम करते. दुकानांच्या पाट्या, घरांच्या नेमप्लेट, मंडळांच्या कमानी, एखाद्या पतपेढीचं बोधचिन्ह. वडील पेंटर होते, ब्रश त्यांच्याकडून आला आणि गिऱ्हाइकाचं ऐकून घ्यायची सवयही. तेव्हा अधिकाराने चार गोष्टी सांगते, लिहून घ्या.

सगळ्यात आधी स्थापनेचं वर्ष ठरवा. धंदा गेल्या दिवाळीत सुरू केला असला तरी पाटीवर 'सन १९५२ पासून' हवंच. कोण विचारतंय? आजोबांना मिसळ आवडायची, एवढा पुरावा पुष्कळ झाला. पाटी नवी कोरी असेल तर तिला गंज रंगवून घ्या. खरा गंज फुकट मिळतो, पण तो यायला एक पावसाळा लागतो आणि उद्घाटन पंधरवड्यावर आलेलं असतं.

मग रंग. आपला रंग कोणता हे आपण ठरवायचं नसतं. दर वर्षी 'वर्षाचा रंग' जाहीर करणाऱ्या पॅन्टोनवाल्यांनी २०२४ साली पीच फझ सांगितला, २०२५ साली मोका मूस. तुमचा हात जन्मभर लाल-पिवळ्यावर बसला असेल तर तो उठवा. गेरूला टेराकोटा म्हणायला शिका, दर आपोआप वाढतो.

मराठी भाषा गौरव दिनाची ऑर्डर २६ फेब्रुवारीला संध्याकाळी सातनंतरच घ्यावी. मजकुरात 'शुभेच्छा'चं काय वाट्टेल ते झालेलं असलं तरी गप्प बसावं. वरून अप्रूव्ह होऊन आलेलं असतं.

एखादी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या आपल्याकडे होत असेल तर घाई करू नका, मिलानची वाट पाहा. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा किती जणांनी वळून पाहिलं? जून २०२५ मध्ये मिलानला प्रादा या फॅशन कंपनीच्या रॅम्पवर तशीच चप्पल कोल्हापूरचं नावही न घेता चालून गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून आपल्या सगळ्यांच्याच पायात संस्कृती चावायला लागली.

जुनी वस्तू रस्त्यावर असेपर्यंत तिच्याकडे ढुंकूनही पाहू नये. प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतून गेली. तोवर 'काय खटारा आहे' म्हणणारे आता ती मगावर, उशीवर, फ्रिजच्या मॅग्नेटवर छापून मागतात. टॅक्सीच्या मागच्या काचेवर नावं काढणारे मात्र कुणालाच मगावर नकोत.

रील काढा. तोंड दिसलं नाही तरी चालेल, हात दिसला पाहिजे, आणि त्याला रंग लागलेला पाहिजे. नसेल तर लावा.

फॉन्टवर जरा जास्त बोलते, कारण 'फॉन्ट तर फुकट असतो ना?' हा प्रश्न मला आता पाण्याचा ग्लास देण्याआधी विचारला जातो. हो, असतो की. तुमच्या कॉम्प्युटरवर वर्षानुवर्षं आयता बसलेला 'मंगल' फॉन्ट आभाळातून पडला; अक्षरकार र. कृ. जोशींनी तो घडवला वगैरे अफवा आहेत. 'मुक्त' आणि 'बलू' हे फॉन्ट मुंबईच्याच 'एक टाइप' नावाच्या फॉन्टवाल्यांनी काढून जगाला फुकट दिले, म्हणजे त्यांनाही फुकटच पडले असणार. देवनागरीत जोडाक्षरं धरून शेकडो आकार एकेक करून काढावे लागतात, पण त्यात काय एवढं? कमल शेडगे नाटकांची नावं हाताने अशी काढत की वाचायच्या आधी कळायचं, हे नाटक हसवणार की रडवणार. वेळ होता त्यांना. आपण 'बलू' ठोकायचा: मिसळीला तोच, बारशाला तोच, दवाखान्याला तोच. आणि हो, पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठीची रूपं, असं २००९ च्या शासन निर्णयात स्पष्ट लिहिलंय. पण फॉन्टमधली भाषा हिंदीवर राहिली म्हणून लालबागच्या पाटीवर हिंदी वळणाचे दोन ल उमटले, तर बिघडलं कुठे? सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं दुकानांच्या पाट्या मराठीत करा. नोव्हेंबर २०२३ ची मुदत पाळली, दंड टळला, भाषा वाचली.

आता शेवटचा आणि सगळ्यात महत्त्वाचा सल्ला: गिऱ्हाइकाला 'फील' द्या.

गेल्या आठवड्यात एक तरुण आला. मिसळीचं उपाहारगृह काढतोय, लोअर परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात. गिरणी कधीच पाडली, पण पत्त्यात 'मिल' ठेवलंय, कारण त्याने भाडं चढतं. मोबाइल पुढे केला. एआयकडून करून आणलेलं पाटीचं चित्र. दिसायला छान होतं, खोटं कशाला बोलू? फक्त 'मिसळ'मधल्या ळ ला तीन वेटोळी होती. शिरोरेषा स वर येऊन तुटली होती. म ची वेलांटी उजवीकडे झुकून हवेतच थांबली होती, ऱ्हस्व की दीर्घ ते तिचं तिलाच ठरवता आलेलं नव्हतं.

"ताई, हे असंच्या असं हवंय, हाताने."

मी म्हटलं, हे अक्षर नाहीये. असं अक्षर मराठीत नाही, हिंदीत नाही, कशातच नाही.

"म्हणजे युनिक ना!"

बरं म्हटलं. पुढे? पुढे आतली भिंत. भिंतीला गिरणगावचा फील हवा. कामगारांचा. "थोडा स्ट्रगल दिसला पाहिजे, ताई. रॉ." पोपडे आलेला गिलावा करून घेणार होता, त्याला वेगळा कंत्राटदार. त्या पोपड्यांवर मी हाताने घोषणा रंगवायची: 'संप चालू आहे'. खाली बाक, वर निऑन, लोक बसून फोटो काढणार. "फक्त लाल जरा पेस्टलकडे न्या, फूडच्या फोटोत लाल अॅग्रेसिव्ह दिसतो."

मी विचारलं, कुठला संप?

"एटीजमध्ये काहीतरी झाला होता ना?"

काहीतरी. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला तो. अडीच लाखांच्या आसपास कामगार गिरण्यांतून बाहेर पडले, कामगार नेते दत्ता सामंतांच्या शब्दावर. तो संप अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही असं आमच्याकडे आजही म्हणतात. म्हणजे बाळा, तुझ्या भिंतीवरचं वाक्य तसं खरंच आहे, तुला ठाऊक नसेल इतकंच. मी तेव्हा शाळेत होते. युनियनचे फलक आमचे बाबा रंगवायचे, रंग उधारीवर आणून, आणि ती उधारी कुणी फेडली ते मला सांगायला लावू नका. आमच्या मजल्यावरची भांडी एकेका घरातून मोडीत गेली. स्टीलच्या डब्यावर, घागरीवर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं असायचं ना, 'सौ. अमुक हिस, दादा-वहिनीकडून', त्या नावांसकट. शेजारच्या काकूंनी घागर देताना पदराने नावावरची धूळ पुसलेली मी पाहिलीय. काका परत कामावर गेलेच नाहीत, जाणार कुठे? त्यांचा मुलगा नववीत शाळा सोडून भायखळ्याच्या बाजारात टोपल्या उचलायला लागला. आणि हे सगळं मी मोका मूसमध्ये काढायचं? खाली कोण बसणार, तर एक प्लेट मिसळ तीनशे रुपयांना घेऊन, दोन बोटं वर करून, 'मिल व्हाइब्स'?

सल्ला द्यायचा होता, नाही का? हो. तर फील द्या.

मी दर सांगितला. बजेट टाइट आहे म्हणाला. फरश्या इटलीहून येतायत, त्यात सगळं गेलं. "पण तुम्हाला टॅग करू, ताई. आमचे खूप फॉलोअर आहेत." किराणावाल्याला मी कुणाला टॅग करू? जाताना वर हेही सांगून गेला की माझं पेज बघितलं, काम चांगलं आहे, पण मी 'अजून ऑथेंटिक' दिसू शकते. नऊवारी नेसून रील कराव्यात. मी सलवार-कमीज घालते, शिडीवर चढावं लागतं.

आता पुरे झाला हा सल्ल्यांचा खेळ, सरळच बोलते.

त्या पोराचा मला तितका राग नाही. त्याला कुणी शिकवलं नाही, आणि शिकायची गरज पडणार नाही याची सोय आपणच करून ठेवलीय. राग तुमचा आहे. हो, तुमचा, व्यवसायातल्या बहीण-भावांनो, अस्सलपणावर कार्यशाळा करून प्रमाणपत्रं भिंतीला लावणाऱ्यांनो. मी नाही म्हटल्यावर तो उठून दुसऱ्या कुणाकडे तरी गेला आणि पाटी झाली. परवा मुद्दाम जाऊन पाहून आले. ळ ला तीन वेटोळी आहेत. भिंतीवर 'संप चालू आहे' आहे, गुलाबी. आणि काम वाईट असतं तर मी एवढी भडकलेच नसते! हात उत्तम आहे. ब्रश कुठे उचलला ते दिसत नाही, स ची गाठ अशी बसवलीय की मलाही हेवा वाटावा. म्हणजे ज्याने काढलं त्याला ळ येतो. त्याला पक्कं माहीत होतं की हे अक्षर चुकीचं आहे, तरी त्याने शांतपणे तिसरं वेटोळं भरलं. का? गिऱ्हाईक जाईल म्हणून? अरे, ज्याला ळ नको, दर नको, त्या संपाचा अर्थ नको, ते गिऱ्हाईक ठेवून करायचंय काय? वर त्या पोराने पैसेही बुडवलेच असणार, टॅग केलाय तुम्हाला, मी पाहिलाय.

लाज वाटू द्या थोडी. दर सांगताना मान खाली घालू नका, निम्मे पैसे हातात पडल्याशिवाय खडूची दोरीसुद्धा मारू नका. 'असं अक्षर नसतं' हे तोंडाने म्हणायला शिका, त्याला ना ट्रेंड लागतो ना रील. आणि ज्याने ती पाटी रंगवलीय त्याने उद्या सकाळी उपाहारगृह उघडायच्या आत शिडी लावून ते तिसरं वेटोळं खरवडून काढावं. नाही जमलं तर मला कळवा, ब्रश घेऊन मी येते, पण मग पाटीखाली तुमचं नाव मी रंगवणार, 'बलू'मध्ये.