सारखं खूश राहायची सक्ती कशाला

आनंदी कसं राहावं यावर एक लेख वाचला, त्यात म्हणलंय रोज सकाळी आरशात बघून हसा अन दिवसभर आनंदी राहायचं ठरवा. मे महिन्यात सोलापुरात या राव, पारा ४३ वर, पाणी चार दिवसाआड, मग हसून दाखवा. चिडचिड होते ती होऊ द्यावी की. अहो, लॉटरी लागली तरी माणूस सारखा खूश राहत नाही. १९७८ साली अमेरिकेत ब्रिकमन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं अन त्याच्या सहकाऱ्यांनी लॉटरी लागलेल्यांना विचारलं होतं, तर ते बाकीच्यांपेक्षा काही फार खूश निघाले नाहीत, उलट रोजच्या बारीकसारीक गोष्टीतली मजाच कमी झालेली.

आमच्या शेजारच्या मावशी कडक भाकरी करून विकतात, मिस्टर गेले तेव्हा जो तो येऊन पॉझिटिव्ह राहा म्हणायचा, शेवटी त्या म्हणल्या आधी रडू तरी द्या की मला. भाकरी थापता थापता रडायच्या, पदरानं डोळे पुसून तव्यावरची उलटायच्या, गिऱ्हाईक आलं की चार शब्द बोलायच्या, त्या बोलण्यानंच सावरल्या असं मला वाटतं. बाकी आपण झोप, जेवण टायमावर ठेवावं. पण उदासी आठवडेच्या आठवडे हटतच नसेल तर मात्र डॉक्टरला दाखवा, नाहीतर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा, फुकट आहे अन मराठीत बोलता येतं.