मत बदललं म्हणजे विज्ञान खोटं?

एक मेसेज अजून फिरतोय: ‘करोनात आधी मास्क नको म्हणाले, मग हवा म्हणाले. ब्रिटनमध्ये पाच लाख मरतील म्हणाले, तेवढे मेले नाहीत. औषधंही सारखी बदलली. सगळा कारभार अंदाजपंचे दाहोदरसे, विज्ञानाचं फक्त नाव!’

पाच लाखांचं आधी निकालात काढू. लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या १६ मार्च २०२० च्या अहवालात ५ लाख १० हजार हा आकडा होता खरा, पण ‘काहीच उपाय केले नाहीत तर’ या अटीसह. अट गाळायची आणि आकडा चुकला म्हणून ओरडायचं, हा कुठला न्याय? ब्रिटनमध्ये आठवड्याभरात लॉकडाउन लागला. तरीही पुढे दोन लाखांहून जास्त माणसं गेलीच.

मास्कच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. सुरुवातीला मास्कचा तुटवडा होता आणि लक्षणं दिसण्याआधीच माणूस संसर्ग पसरवतो याचा अंदाज पुरेसा आला नव्हता. तो येत गेला तसा सल्ला बदलला. जागतिक आरोग्य संघटनेने ५ जून २०२० ला सर्वसामान्यांसाठीही कापडी मास्क सुचवला. हे ठीकच. पण याच संघटनेने मार्चमध्ये ‘हा विषाणू हवेतून पसरत नाही’ असं ठणकावून सांगितलं होतं. ‘अजून पुरावा नाही’ म्हणायचं तिथे ‘नाही’ म्हटलं, आणि ते महागात पडलं.

आता औषधं. इथे तर मेसेजवाल्यांनी आपल्याच पायावर धोंडा मारून घेतलाय. ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत कोणाला कुठलं औषध द्यायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरायचं. डॉक्टरच्या मर्जीवर नाही. जून २०२० मध्ये याच चाचणीने हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे मलेरियावरचं औषध करोनासाठी निकामी ठरवलं आणि त्याच महिन्यात डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टेरॉइड कामाचं ठरवलं. व्हेंटिलेटरवरच्या शंभरातले साधारण ४१ रुग्ण दगावत होते. रोज ६ मिलिग्रॅम दिल्यावर २९. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना मात्र फायदा दिसला नाही. (हे शेवटचं वाक्य न वाचता स्टेरॉइड घेणारेही होतेच.) १६ जूनला निकाल जाहीर झाला आणि ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत त्याच दिवशी औषधाला मान्यता मिळाली. याला अंदाजपंचे म्हणायचं?

सरकारांना झोडपायचंच असेल तर ते बदलले म्हणून नव्हे, उशिरा बदलले म्हणून झोडपा. भारतात प्लाझ्माचं, म्हणजे बऱ्या झालेल्या रुग्णाच्या रक्तातला द्रवभाग आजारी माणसाला देण्याचं उदाहरण घ्या. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्याच चाचणीत, ३९ रुग्णालयांतल्या ४६४ रुग्णांवर, प्लाझ्माने ना आजार बळावणं थांबलं ना मृत्यू टळले. ऑक्टोबर २०२० मध्ये हा निष्कर्ष छापून आला. उपचारांच्या सरकारी यादीतून प्लाझ्मा गेला मे २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत नातेवाईक दात्यांसाठी वणवण फिरून झाल्यावर.